मूत्रपिंड बिघडले की माप चुकले?

एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या बहुतेक प्रौढांना आपल्या देशातील सरकारी केंद्रांतून आज रोज एकच गोळी मिळते. तिच्यात तीन औषधे असतात : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. ही औषधे विषाणूला शरीरातून हुसकून लावत नाहीत, त्याची वाढ रोखून धरतात. म्हणून गोळी जन्मभर घ्यायची. ती नेमाने घेणारा माणूस तुमच्याआमच्यासारखाच म्हातारा होऊ शकतो. पण वीस-तीस वर्षे रोज पोटात जाणारा पदार्थ इतर अवयवांचे काय करतो, हेही मग पाहावे लागते. या गोळीच्या बाबतीत काळजी असते ती मूत्रपिंडाची.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब नळी जोडलेली असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लीटर द्रव गाळतात, पण लघवी होते दीड लीटरच्या आसपास. बाकीचे पाणी आणि त्याबरोबर साखर, फॉस्फेट असे उपयोगी पदार्थ नळीच्या भिंतीतील पेशी परत रक्तात पाठवतात. या कामाला ऊर्जा लागते. म्हणून नळीच्या सुरुवातीच्या भागातील पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. याच पेशी आणखी एक काम करतात : काही पदार्थ रक्तातून ओढून घेऊन थेट नळीत ढकलतात. म्हणजे लघवीत जाण्याचे दरवाजे दोन, एक गाळणी आणि दुसरा नळीची भिंत. हे दोन दरवाजे लक्षात ठेवा, पुढे सारा घोटाळा त्यांचाच आहे.

टेनोफोव्हिर दोन्ही दरवाजांनी बाहेर पडते. हौदाला येणारा नळ मोठा आणि जाणारी तोटी बारीक असली तर काय होते, हे तुम्ही अंकगणितात सोडवलेच आहे. भिंतीतील पेशीचे तसेच होते. रक्ताच्या बाजूने औषध भराभर आत येते, नळीच्या बाजूने त्या मानाने सावकाश बाहेर जाते आणि पेशीत साठू लागते. साठलेले औषध तंतुकणिकांना इजा करते, असे संशोधकांचे मत आहे. पेशीची ऊर्जा कमी पडली की परत पाठवण्याचे काम ढिले पडते. मग रक्तातील साखर अगदी योग्य असूनही लघवीत साखर सापडते! फॉस्फेट वाहून जाते, हाडे मऊ होऊन दुखू लागतात. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्वीडो फान्कोनी यांच्या नावाने ही लक्षणे ओळखली जातात. एवढी मजल क्वचितच जाते, आणि औषध वेळीच बदलले तर बहुधा सुधारणा होते. मात्र अंग दुखले म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या आणून वरचेवर घेणे या रुग्णांनी टाळलेले बरे. त्याने मूत्रपिंडावरचा धोका वाढतो.

आता मोजमापाकडे वळू. गाळण्या नीट चालल्या आहेत की नाही, हे सहसा रक्तातील क्रिएटिनिनवरून ठरवतात. हा स्नायूंत तयार होणारा टाकाऊ पदार्थ. गाळणे मंदावले की तो रक्तात साठतो. पण तो सगळाच गाळणीतून जात नाही, थोडासा भिंतीच्या दरवाजानेही जातो. नेमका तोच दरवाजा डोल्युटेग्रॅव्हिर क्रिएटिनिनपुरता अडवते. परिणामी १०० मिलिलीटर रक्तद्रवात सरासरी ०.१ ते ०.१५ मिलिग्रॅम क्रिएटिनिन वाढते आणि गाळणीला मात्र धक्काही लागलेला नसतो. आपण भौतिकीत याला शून्यांक त्रुटी म्हणतो. बाजारात याला तराजूचा पासंग म्हणतात.

हे कशावरून? निरोगी माणसांना डोल्युटेग्रॅव्हिर देऊन आयोहेक्सॉल या, केवळ गाळणीतूनच जाणाऱ्या पदार्थाने गाळण्याचा वेग मोजला गेला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत वेग बदललेला दिसला नाही. एका मापाची शंका आली की दुसऱ्या स्वतंत्र मापाने ताडून पाहायचे, ही रीत प्रयोगशाळेतलीच.

गंमत अशी, की खरी इजा करू शकणारे औषध आणि तराजूला पासंग लावणारे औषध एकाच गोळीत आहेत. अहवालात आकडा चढला तर दोष कोणाचा? पासंगाची वाढ पहिल्या चार आठवड्यांत होते आणि तिथेच थांबते. आकडा त्यानंतरही चढत राहिला, किंवा लघवीत प्रथिने वा साखर उतरू लागली, तर टेनोफोव्हिरचा संशय घ्यायला हवा. नुसता आकडा पाहून, घाबरून कोणी गोळीच बंद केली तर विषाणू पुन्हा वाढतो, आणि हा विषाणू स्वतःही मूत्रपिंडाला इजा करतो. म्हणून गोळी चालू ठेवून अहवाल डॉक्टरांना दाखवायचा.

टेनोफोव्हिरचे आणखी एक रूप, टेनोफोव्हिर आलाफेनामाइड, २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. हे रूप रक्तात बरेचसे अखंड राहते आणि विषाणू जिथे वाढतो त्या पेशींत शिरल्यावर फुटते. त्यामुळे ३०० ऐवजी २५ मिलिग्रॅम पुरते आणि रक्तातील टेनोफोव्हिर सुमारे ९० टक्क्यांनी घटते. हौदाची तोटी रुंद करता येईना, तेव्हा रसायनशास्त्रज्ञांनी वरचा नळच बारीक केला. मूत्रपिंड आधीच दुबळे असलेल्या अनेक रुग्णांसाठी डॉक्टर या औषधाचा विचार करतात.