जुन्या गाडीची टायमिंग चेन : बदलावी की चालवावी?

लग्नसराईत मालाची गाडी बंद पडली तर गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या दुकानात जाते. म्हणून हा विषय घेतला. आम्ही कापडाचे व्यापारी, मिस्त्री नव्हे. परंतु भिवंडीहून घाटकोपरला ताके आणता आणता गाडीने आम्हाला पुष्कळ शिकवले आहे.

उपनगरातील जुन्या मंडळींना कुर्ल्याचा प्रीमियर कारखाना आठवत असेल. तिथल्या पद्मिनीच्या इंजिनात साखळीच होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती सेवेतून गेली. मारुती ८०० मध्ये रबरी पट्टा होता. तो ठरावीक किलोमीटरनंतर बदलायचाच, त्यात वाद नाही. १.३ लिटरच्या मल्टिजेट डिझेल इंजिनात पुन्हा साखळी. मारुतीने ते इंजिन २०२० मध्ये बंद केले, तरी त्या गाड्या आजही आपल्याकडे माल वाहतात. साखळीला बदलण्याची तारीख नसते. इथेच व्यापारी फसतो.

साखळी क्रँक आणि कॅमशाफ्टला एका तालात फिरवते. ती दात सोडून सरकली, तर अशा इंजिनात व्हॉल्व पिस्टनवर आदळतात आणि हेड उघडावे लागते. लोक म्हणतात साखळी लांबते. खरे तर तिच्या पिना व भोके झिजतात आणि ती ढिली होते. ढील घेण्याचे काम टेन्शनर करतो, आणि तो बहुतेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो.

आमच्या डिझेल गाडीत सकाळी स्टार्ट करताच दोन सेकंद खडखड येऊ लागली. एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता सांगितले, सगळा सेट बदला. आम्ही घरी येऊन डिपस्टिक पाहिली. ऑइल खालच्या खुणेजवळ, काळे, मुदत उलटून गेलेले! (दुकानाचा हिशोब रोज लिहिणारे आम्ही, गाडीचा मात्र विसरलो.) ऑइल व फिल्टर बदलताच आवाज जवळजवळ गेला. महिन्याभरात तो परत आला, या वेळी जास्त वेळ टिकणारा.

मग कुर्ल्याच्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी बाहेरचा पट्टा काढून इंजिन काही क्षणच चालवले. आवाज तसाच. म्हणजे दोष अल्टरनेटरच्या बेअरिंगचा नव्हता. स्कॅनर लावला, तर कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नसल्याचा कोड निघाला. तेव्हा कुठे आम्ही हो म्हटले. कव्हर उघडल्यावर प्लॅस्टिकचा गाइड तुटलेला दिसला आणि त्याचे तुकडे ऑइल चेंबरमध्ये सापडले.

बदलायचीच असेल तर चेन, टेन्शनर, गाइड, दातेरी चाके व सील एकदमच बसवून घ्या. मजुरी दोनदा देण्यात अर्थ नाही. बसवल्यावर स्टार्टर मारण्याआधी इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा जुळतात का, हे समोर उभे राहून पाहा. चेंबर साफ करायला लावा. गाडी पंधरा वर्षांची होत आली असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर यांचा खर्चही मांडा. इंजिन धूर ओकत असेल, तर नव्या चेनचे पैसे विकताना परत मिळत नाहीत.

जुनी चेन आम्ही मागून घेतली आणि नवीच्या शेजारी खिळ्याला टांगली. फरक बोटाच्या पेराहूनही कमी होता.