विद्युत् गिटार : प्रवासात आणि घरात

1949 सालच्या हिवाळ्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात, ट्विस्ट नावाच्या लहानशा गावी, बी. बी. किंग हा तरुण गायक-वादक एका नृत्यगृहात आपला कार्यक्रम करीत होता. खोलीत ऊब यावी म्हणून मध्यभागी रॉकेलचे पिंप पेटवून ठेवले होते. दोन माणसांच्या मारामारीत ते कलंडले आणि पाहता पाहता सारी वास्तू पेटली. लोकांबरोबर किंगही बाहेर पडला. परंतु गिटार आतच राहिली हे ध्यानात येताच तो जळत्या घरात पुन्हा शिरला आणि ती घेऊन कसाबसा बाहेर आला. तिची किंमत अवघी 30 डॉलर होती. मारामारी ल्यूसिल नावाच्या स्त्रीवरून जुंपली होती, असे त्याला मागाहून कळले. असा अविचार आपल्या हातून पुन्हा घडू नये, याची आठवण म्हणून त्याने त्या गिटारचे नाव ल्यूसिल ठेवले आणि पुढच्या गिटारींनाही तेच नाव दिले.

आगीतून वाद्य वाचविण्याचा प्रसंग क्वचितच कुणावर येतो. बहुतेक गिटारींना अपाय होतो तो अगदी साध्या ठिकाणी: भिंतीला टेकवून ठेवलेल्या कोपऱ्यात, आगगाडीच्या बाकाखाली, उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किंवा विमानतळावरच्या सामानाच्या राशीत. तेथे जिवावर उदार होण्याची गरज नसते. थोडी आधीची समज असली म्हणजे पुरते.

आपल्याकडे तंबोऱ्याला कुणी धसमुसळेपणाने हात लावीत नाही. त्याचा भोपळा पाहताच तो नाजूक आहे हे लहान मुलालाही उमगते. म्हणून त्याला गवसणी चढते, आणि प्रवासात त्याला माणसासारखी जागा मिळते. विद्युत् गिटारचे दुर्दैव असे की, ती दणकट दिसते. 1950 मध्ये फेंडर या कंपनीने आणि 1952 मध्ये गिब्सन या कंपनीने भरीव लाकडाच्या ज्या गिटारी बाजारात आणल्या, त्यांनी या वाद्याचे रूपच पालटले. नाद घुमविणारी पोकळ पेटी गेली आणि साडेतीन-चार किलो वजनाची भरीव फळी आली. ही फळी सहसा फुटत नाही, हे खरे. परंतु गिटार म्हणजे केवळ फळी नव्हे.

फळीच्या पुढे एक लांब, अरुंद दांडी असते. पोलादी तारा स्वरात लावल्या म्हणजे सहा तारांचा मिळून या दांडीवर सुमारे 40 ते 47 किलोग्रॅम वजनाइतका ताण पडतो. रात्रंदिवस हा ताण दांडीला पुढे वाकवू पाहतो. त्याला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादाची एक सळई बसविलेली असते. थॅडियस मॅकह्यू या कारागिराच्या कल्पनेतून उतरलेल्या आणि 1920 नंतरच्या काळात गिब्सन कंपनीने रूढ केलेल्या या सळईमुळे दांडी सरळ राहते. ओढणाऱ्या तारा आणि सावरणारी सळई यांचा जो समतोल साधलेला असतो, त्यावरच सारे सूर अवलंबून असतात.

दांडीच्या टोकाला जेथे खुंट्या बसवितात, त्या डोक्यापाशी गिटारचे खरे मर्म आहे. फेंडर घडणीत डोके दांडीच्या ओळीतच असते. गिब्सन घडणीत मात्र ते सुमारे 17 अंशांनी मागे झुकलेले असते. एकाच लाकडातून असे तिरके डोके कोरले की लाकडाचे तंतू त्या जागी आडवे कापले जातात. त्यातच सळई फिरविण्यासाठी तेथे एक खाच ठेवावी लागते. म्हणजे ज्या जागी लाकूड सर्वांत कमी आणि सर्वांत कमकुवत, तिच्याच पलीकडे धातूच्या सहा खुंट्यांचे वजन लोंबत असते. अशी गिटार पाठीवर पडली तर डोके जमिनीला न लागताही मोडू शकते. अंग थांबते, पण जड खुंट्या आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहतात आणि मधले लाकूड चटकन तुटते. मालक पेटी उघडतो. पेटीवर ओरखडाही नसतो, आणि आत वाद्याची मान मोडलेली असते.

यावरून पेटी कशी असावी हे आपोआप ठरते. पेटी बाहेरून कठीण असणे हा तिचा अर्धाच गुण झाला. आत गिटारला हलायला जागा नसणे हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा गुण होय. गिटारचे अंग पेटीच्या अस्तरात घट्ट बसावे, दांडीला खालून आधार असावा आणि डोक्याच्या भोवती उरलेली पोकळी मऊ सुती कापडाने हलकेच भरावी. कापड ठासून भरू नये, कारण त्याचाच दाब डोक्यावर येतो. तारा आणि पडदे यांच्यामध्ये एखादा पातळ कागद सरकवला तर झाकणाच्या दाबाने पडद्यांवर वळ उठत नाहीत. पट्टा, सुटी तार किंवा पाने यांसारख्या वस्तू गिटारच्या अंगाशी मोकळ्या ठेवू नयेत. जाड अस्तराची मऊ पिशवी पाठीवर टाकून गावातल्या गावात फिरायला सोयीची आहे. ज्या प्रवासात वाद्य दुसऱ्याच्या हाती जाणार, तेथे ती पुरेशी नाही.

आगगाडीत गिटार बाकाखाली सरकविण्यापेक्षा वरच्या शायिकेवर, भिंतीच्या बाजूला आडवी ठेवणे बरे. विमानप्रवासात वाद्य शक्यतो आपल्याजवळ असावे. 2008 साली डेव्ह कॅरल या कॅनडातील गायकाची गिटार विमानाच्या सामानात मोडली. ती विद्युत् गिटार नव्हती. पण भरपाईसाठी महिनोन्महिने पाठपुरावा करून हाती काही न लागल्यावर त्याने 2009 मध्ये त्यावर गाणे रचले आणि ते जगभर पाहिले गेले. 2012 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका कायद्याने, जागा असल्यास लहान वाद्ये प्रवासी कक्षात नेण्याची मुभा प्रवाशांना दिली. तरीही गिटार सामानात द्यावीच लागली तर तारा एक-दोन स्वर उतरवाव्यात. धक्का बसला तर तारांच्या ताणाची त्यात भर पडू नये, एवढाच हेतू. मात्र तारा साफ सैल करून महिनेच्या महिने ठेवणे योग्य नव्हे. मग सळईचा जोर एकतर्फी होतो आणि दांडी मागे वाकते.

धक्क्याइतकाच दुसरा शत्रू म्हणजे हवा. लाकूड तोडले, वाळविले, रंगविले, तरी ते हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. कारखानदार साधारणपणे 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात. आपल्या देशात ही मर्यादा पाळणारा ऋतू थोडकाच असतो. मुंबईत किंवा शिलाँगमध्ये पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते; दांडी फुगते, तारांची उंची बदलते, तारांना आणि स्क्रूंना गंज चढतो. नागपूर किंवा दिल्लीच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की दांडीवरची पट्टी आकसते आणि धातूच्या पडद्यांची टोके कडेला बोटांना बोचू लागतात. ही पट्टी पुष्कळदा भारतीय शिसवीची असते. आपल्याच रानातले लाकूड परदेशी जाऊन वाद्य होऊन परत येते, तरी येथल्या हवेपासून त्याची सुटका नसते. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि उन्हाळा लागताच त्या न विसरता काढाव्यात. पेटीत एक लहानसा आर्द्रतामापक असला म्हणजे अंदाजावर विसंबावे लागत नाही.

सावकाश झालेला बदल वाद्य सोसते. एकाएकी झालेला सोसत नाही. उन्हात उभी केलेली बंद मोटार भट्टीसारखी तापते आणि तेथे सरस मऊ पडून सांधे सुटू शकतात. गारठ्यातून उबदार खोलीत आणलेली पेटी तर लगेच उघडू नये. तास-दोन तास तशीच बंद राहू द्यावी. आतील लाकूड आणि वरचे रोगण वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतात, आणि घाई झाली तर रोगणाला बारीक तडे जातात.

घरात गिटार ठेवण्याची सर्वांत वाईट जागा म्हणजे भिंतीला टेकवून उभी करणे. एक धक्का, एक मांजर किंवा पंख्याने उडालेला पडदाही तिला पाडायला पुरतो. तिवईवर ठेवायची असेल तर तिवईचे रबर आधी पाहावे. जुन्या आणि काही उंची गिटारींवर नायट्रोसेल्युलोजचे रोगण असते. रबराशी सतत संपर्क आला की ते मऊ पडते आणि कायमचा डाग उरतो. अशा जागी सुती कापड गुंडाळावे. वादन संपताच तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात, कारण हाताचा घाम पोलादाला पावसाइतकाच घातक असतो. ज्या गिटारीत आत बॅटरी असते, तिची तार वादनानंतर काढून ठेवावी. तार जोडलेली राहिली की बॅटरी संपत राहते. फार दिवस वाद्य वापरायचे नसेल तर बॅटरीच काढावी, म्हणजे ती पाझरून आतली जोडणी खराब होत नाही.

एवढे सारे करण्यास फारसा पैसा लागत नाही. लागते ती रोजची सवय. मोडलेले डोके कुशल कारागीर सरसाने पुन्हा जोडू शकतो आणि ती गिटार पुढे कित्येक वर्षे वाजतेही. पण सांध्याची खूण जाणत्या डोळ्याला दिसतेच. तंबोऱ्याला गवसणी घालणारा हात त्याच्या नाजूकपणाची कदर करीत असतो. दणकट दिसणाऱ्या या वाद्यालाही तीच कदर हवी असते. ती वेळीच मिळाली, तर ते जपण्यासाठी कुणाला आगीत उडी घ्यावी लागत नाही.