चोवीस तासांची बाई ठेवली, पुढे काय?

“चोवीस तासांची बाई ठेवली की प्रश्न मिटला.” पुण्या-मुंबईत म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरात पहिल्यांदा ऐकू येणारं वाक्य हेच. परदेशातली मुलं फोनवर हेच म्हणतात, शेजारी हेच सुचवतात, आणि बाई पुरवणारा ब्यूरोवाला तर त्यावरच कमिशन घेतो.

पहिली गफलत तासांची. राहायला आलेली बाई चोवीस तास घरात असते, चोवीस तास जागी नसते. स्वतःहून हलू न शकणाऱ्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडापाशी, टाचांवर कातडी लाल होते आणि मग फुटते. एअर मॅट्रेस आणली तरी कूस बदलणं सुटत नाही. दिवसभर हे करणाऱ्या बाईनंच रात्रभरही करावं, ही अपेक्षा फार दिवस टिकत नाही. शेवटच्या दिवसांत रात्रीची पाळी दुसऱ्या बाईनं किंवा घरातल्या कुणीतरी घ्यायलाच हवी. राहणाऱ्या बाईच्या सुट्टीच्या दिवशी कोण बसणार, हेही ती कामाला लागते त्याच दिवशी ठरवून टाकावं.

दुसरी गफलत कामाची. ब्यूरोकडून येणाऱ्या बहुतेक ताई-मावशी नर्स नसतात. नर्सिंग म्हणजे एएनएमचा दोन किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. अंग पुसणं, डायपर बदलणं, भरवणं, तोंड स्वच्छ ठेवणं, सोबत बसणं हे ताईंचं काम, आणि ते कसबाचं आहे. इंजेक्शन देणं, लघवीची नळी घालणं, खोल जखमेचं ड्रेसिंग हे नर्सचं. “तिला सगळं येतं हो,” असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तरी नोंदणी विचारावी. औषध किती, हे डॉक्टर सांगणार. आणि हॉस्पिटलात न्यायचं की नाही, हे खुद्द पेशंटनं, तो सांगू शकत नसेल तर डॉक्टरांशी बोलून घरच्यांनी ठरवायचं. सगळा घोळ होतो तो इथं. रात्री दोन वाजता श्वास बदलतो, जागी असते ती एकटी बाई, आणि जो निर्णय भावाबहिणींना महिनाभर घेता आला नाही तो तिच्यावर येऊन पडतो. ती घाबरून अॅम्ब्युलन्स बोलावते. घरीच राहायचं म्हणणारे आजोबा आयसीयूत पोचतात. दोष तिचा नाही. कुणाला फोन करायचा, कोणतं औषध कधी द्यायचं, काय करायचं नाही, एवढा एक कागद आधीच भिंतीला लावलेला हवा होता.

तो कागद लिहायला मदत करणारी वैद्यकाची शाखा आपल्याकडे आहे: पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा. पण “पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले” असं समजून लोक तिच्यापासून लांब राहतात. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झालं. देशातलं ते पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी जागा. पुण्यात वारज्याच्या सिप्ला केंद्रात घरच्या माणसालाच शुश्रूषा शिकवून पेशंटला घरी पाठवतात. आणि हात टेकण्याबद्दल म्हणाल, तर २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पसरलेला फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळाली, ते इतरांपेक्षा सरासरी अडीच महिन्यांहून अधिक जगले.

आता सर्वांत दुखरा विषय, खाण्याचा. “सलाईन तरी लावा, नाहीतर लोक म्हणतील उपाशी ठेवलं.” मरणाच्या जवळ आलेल्या शरीराची भूक आणि तहान आपोआप मंदावते. माणूस जेवत नाही म्हणून जात नसतो. तो जात असतो म्हणून जेवत नाही. अशा वेळी जास्तीचं सलाईन पायांवर सूज आणि छातीत पाणी वाढवतं. बळेबळे भरवलेली पेज गुंगीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत जाऊ शकते. फार पुढे गेलेल्या डिमेन्शियात नाकातून नळी घातल्यानं आयुष्य वाढतं किंवा ठसका टळतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उपयोग होतो तो तोंडाच्या निगेचा: ओला कापूस किंवा गॉज जिभेवरून फिरवायचा, ओठांना व्हॅसलीन लावायचं. तुळशीपत्राचं पाणी ओठांना लावायला काहीच हरकत नाही, चमच्यानं घशात ओतू नये. घरघर लागली की नातेवाइकांना माणूस गुदमरतोय असं वाटतं. खरं तर घशात साचलेल्या स्रावाचा तो आवाज असतो आणि बेशुद्धीतल्या माणसाला त्याचा त्रास बहुधा होत नाही. कुशीवर वळवल्यानं तो अनेकदा कमी होतो.

मॉर्फिनबद्दलही अशीच भीती: सुरू केलं म्हणजे संपलं, किंवा सवय लागते. दुखण्याच्या मापानं दिलेलं मॉर्फिन मरण लवकर आणत नाही आणि वेदनेसाठी घेणाऱ्यांत व्यसन विरळा. जवळजवळ हमखास होते ती बद्धकोष्ठता, म्हणून जुलाबाचं औषध पहिल्याच दिवसापासून सोबत द्यायचं. २०१४ च्या कायदा-दुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळेल अशी आशा ठेवू नका.

“लिव्हिंग विल म्हणजे इच्छामरण” हेही खरं नाही. जीव घेणारं इंजेक्शन देणं आजही गुन्हाच. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ ला मान्य केलं ते असं: बरं होण्याची आशा संपली आणि स्वतः निर्णय घेता येईनासा झाला, तर कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवता येतं. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. असे कागद सांभाळणारे अधिकारी महाराष्ट्रात नेमले जावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. शुद्धीवर असलेल्या, जाणत्या माणसाला मात्र यातलं काहीच लागत नाही. “मला न्यायचं नाही,” हे त्याचं म्हणणं पुरेसं आहे.

घरी मृत्यू आला तर पोलीस येतात? नाही. नैसर्गिक मृत्यूत उपचार करणारे डॉक्टर ४-ए नमुन्यात मृत्यूच्या कारणाचा दाखला देतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. पडून हाड मोडल्यानंतर किंवा भाजून मृत्यू झाला असेल तर गोष्ट वेगळी. अडचण निराळीच असते: ज्यांनी पेशंटला अलीकडे पाहिलेलंच नाही, असे डॉक्टर रात्री तीनला सही करायला कचरतात. म्हणून फॅमिली डॉक्टरांची अधूनमधून घरी व्हिजिट हवी, तब्येत “आहे तशीच” असली तरी.

आणखी एक हिशेब आधीच करून ठेवावा. पेशंट गेला त्या दिवशी राहणाऱ्या बाईचं काम आणि निवारा, दोन्ही सुटतात. ब्यूरोच्या करारात त्याबद्दल बहुधा अवाक्षर नसतं. पंधरा दिवसांचा पगार आणि दुसरं काम मिळेपर्यंत चार रात्री राहायची सोय, एवढं ठेवतानाच बोलून घ्या. त्या दिवशी घरात कुणाला सुचणार नाही.