खेळाच्या मांडवातील विजेचा जमाखर्च

स्वीडनच्या दक्षिण भागात, व्हेटर्न नावाच्या विस्तीर्ण सरोवराच्या काठी, योन्शोपिंग हे शहर वसलेले आहे. एकोणिसाव्या शतकात सुरक्षित आगकाडीने या शहराचे नाव जगभर नेले. आणि ज्या स्वीडिश उद्योगसमूहाने १९२३ साली ‘विम्को’ कंपनी काढून आपल्या अंबरनाथला काडेपेट्यांचा कारखाना चालविला, त्याची पाळेमुळेही याच शहरातील कारखान्यापर्यंत जाऊन पोहोचतात. काडेपेटीच्या या गावी २००१ सालापासून एल्मिया या प्रदर्शन-संकुलात ‘ड्रीमहॅक’ नावाचा संगणक-खेळांचा मेळा भरू लागला. मालुंग नावाच्या लहान गावातील शाळेच्या उपाहारगृहात काही उत्साही तरुणांनी १९९४ च्या सुमारास ज्याचा आरंभ केला, त्या या उपक्रमात खेळाडू आपापले संगणक घरून उचलून आणतात, लांबलचक मेजांवर ओळीने मांडतात, एका जाळ्यात जोडतात, आणि कित्येक दिवस अहोरात्र तेथेच मुक्काम ठोकतात. २००७ सालच्या हिवाळी मेळ्यात अशा संगणकांची संख्या १०,५४४ भरली, आणि तो आकडा विश्वविक्रम म्हणून नोंदला गेला.

हा आकडा वाचून बहुतेकांचे लक्ष खेळाकडे जाते. माझे लक्ष मात्र त्या मेजांखालून गेलेल्या केबलांकडे जाते; कारण प्रत्येक संगणकास पडद्यासह सरासरी २५० वॉट धरले, तरी एकूण मागणी २.६ मेगावॉटपर्यंत चढते, आणि एवढी वीज एका छपराखाली, काही दिवसांपुरती, अनोळखी माणसांनी आणलेल्या अनोळखी यंत्रांना, क्षणाचाही खंड न पडता पुरविण्याची जबाबदारी ज्यांनी पत्करली, त्यांच्या कामगिरीविषयी कोणी चार शब्द लिहिल्याचे क्वचितच आढळते.

वास्तविक २.६ मेगावॉट ही काही अचाट गोष्ट नव्हे; मोठे प्रदर्शन-संकुल किंवा मध्यम आकाराचा कारखाना एवढी वीज नित्य वापरतो. अवघड असते ती वाटणी. आवारातील रोहित्रातून निघालेला प्रवाह जाड केबलांनी दालनात येतो, तेथून फिरत्या वितरण-पेट्यांत, पेट्यांतून मेजांच्या रांगांत, आणि रांगेतून शेवटी एकेका खेळाडूच्या पायाशी ठेवलेल्या एक्स्टेंशन बोर्डात उतरतो. आणि या उतरंडीत जसजसे आपण खाली जावे, तसतसा हिशेबाला सैलपणा सोसवेनासा होतो. २३० व्होल्टच्या व १६ अँपिअरच्या एका शाखेतून ३,६८० वॉट मिळतात. परंतु तासन्‌तास चालणाऱ्या भारासाठी त्यातील सुमारे ८० टक्केच वापरावे, असा जाणत्यांचा शिरस्ता आहे. म्हणजे २५० वॉटचे अकरा संगणक झाले की त्या शाखेचा कोटा संपला. आजचे चित्र याहून कठीण आहे. काचेच्या नळीचे जुने पडदे गेले व चपट्या पडद्यांनी पुष्कळ वीज वाचविली हे खरे; पण ती सारी बचत चित्र रेखाटणाऱ्या ग्राफिक्स कार्डाने गिळून टाकली. एकट्या कार्डाला ४५० वॉटपर्यंत वीज लागावी, असे नमुने आज बाजारात आहेत. आणि असा संगणक ऐन खेळात ५०० वॉटांच्या पुढे गेला, तर त्याच शाखेवर पाचच माणसे बसू शकतात.

भार मर्यादेबाहेर गेला की शाखेचा पुरवठा आपोआप तोडणाऱ्या एमसीबीच्या स्वभावाविषयीही येथे सांगितले पाहिजे. १६ अँपिअरचा एमसीबी १७ अँपिअर होताच तुटत नाही. अल्पशा अतिभाराखाली तो तासभर वा त्याहूनही अधिक काळ तग धरतो. सकाळी सारे सुरळीत दिसते, कारण निम्मी मंडळी झोपलेली असतात. रात्री अंतिम सामने सुरू होऊन प्रत्येक यंत्र पूर्ण शक्तीने धावू लागले, आणि त्यातच कोणी चहासाठी २,००० वॉटची किटली त्याच बोर्डात खोचली, की रांगेच्या रांगेत अंधार होतो. म्हणून किटल्या, हीटर, शीतपेट्या यांना अशा दालनांत मज्जाव असणेच योग्य होय. वीज गेल्यावर ती घाईने परत देणेही चुकीचे, कारण संगणकाच्या वीजपुरवठा-संचातील रिकामे धारित्र पहिल्या क्षणी फार मोठा प्रवाह ओढते. शाखेवरील अकराही यंत्रांनी तो एकाच वेळी ओढला की नुकता वर केलेला एमसीबी पुन्हा खाली पडतो. अनुभवी वायरमन रांगेतील प्रत्येकाला संगणकामागची कळ बंद करण्याची ताकीद देतो, पुरवठा सुरू करतो, आणि मग एकेक यंत्र चालू करवून घेतो.

परंतु या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते ती न्यूट्रलची, म्हणजे परतीच्या तारेची, गोष्ट. तीन फेजांवर भार समसमान वाटला, तर परतीचे प्रवाह परस्परांना रद्द करतात आणि न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहत नाही, हा नियम मोटारींच्या व साध्या दिव्यांच्या बाबतीत बरोबर आहे. पण संगणकाचा वीजपुरवठा-संच प्रवाह संथपणे न घेता तरंगाच्या माथ्यावर झटक्याने ओढतो, आणि त्यातून जे तिप्पट वारंवारतेचे तरंग उद्भवतात, ते तिन्ही फेजांतून एकाच लयीत येत असल्यामुळे न्यूट्रलमध्ये वजा न होता त्यांची बेरीजच होते. जुन्या संचांच्या काळात न्यूट्रलमधील प्रवाह फेजच्या पावणेदोन पटींच्या जवळ जाऊ शके, आणि त्या तारेवर बहुधा एमसीबी नसल्यामुळे ती कोणालाही खबर न देता तापत राही. ती तुटली, तर २३० व्होल्टच्या सॉकेटात त्याहून कितीतरी अधिक, प्रसंगी ४०० च्या आसपास दाब येऊन यंत्रे जळतात. युरोपात २००१ सालापासून ७५ वॉटांवरील संगणकांच्या या तरंगांवर मर्यादा घातली गेली, त्यामुळे धोका पुष्कळ उणावला. तरीही मेळ्यासाठी केबल निवडताना न्यूट्रल बारीक घेणे हा अक्षम्य अविचार होय.

अर्थिंगची गोष्टही अशीच. प्रत्येक संगणकातील गाळणी (फिल्टर) अर्थिंगमध्ये थोडा प्रवाह सोडते, साधारण अर्धा ते एक मिलिअँपिअर. एकट्या यंत्राच्या बाबतीत तो नगण्य. पण असा गळणारा प्रवाह ओळखून माणसाचा जीव वाचविणारा आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला, आणि नियमानुसार कधी १५ च्या पुढेच, तुटतो. थेंबे थेंबे तळे साचते, त्याप्रमाणे एका आरसीसीबीवर वीस-पंचवीस निर्दोष संगणक जोडले, की कोठेही बिघाड नसताना तो पडू लागतो. यावर उपाय आरसीसीबी काढून टाकणे हा नव्हे, तर त्यांची संख्या वाढवून प्रत्येकावरील यंत्रे कमी करणे हाच आहे. ज्या दालनात शेकडो मुले जमिनीवर अंथरूण टाकून झोपतात, तेथे या एका उपकरणाशी तडजोड करणाऱ्याला आयोजक म्हणविण्याचा अधिकार नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या पन्नास मीटर केबलमधून १० अँपिअर वाहिले, तर सुमारे १२ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. गुंडाळीवरची केबल पूर्ण उलगडली नाही, तर ती आतल्या आत तापून वितळते. आणि संगणकात शिरलेला प्रत्येक वॉट अखेर उष्णता होऊन हवेत येतो, म्हणून विजेच्या हिशेबाइतकाच वातानुकूलनाचा हिशेबही करावा लागतो. जाळ्याच्या स्विचांना खेळाडूंपासून वेगळी शाखा व बॅटरीचा आधार द्यावा, म्हणजे एक रांग बंद पडली तरी बाकीच्यांचा खेळ अखंड राहतो.

ड्रीमहॅकचा मेळा डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को संकुलातही भरला, आणि आपल्याकडील महाविद्यालयांच्या महोत्सवांतही संगणक-खेळांच्या स्पर्धा आता रुळल्या आहेत. अशा स्पर्धा भरविणाऱ्या तरुण मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे : बक्षिसांची रक्कम जाहीर करण्यापूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवा, किती यंत्रे, किती वॉट, कोणत्या फेजवर, याचा तक्ता त्याच्याकडून कागदावर उतरवून घ्या, सभागृहाचा मंजूर भार किती, याची लेखी खातरजमा करा, भार अपुरा पडत असेल तर खेळाडूंची संख्या कमी करा, पण एका बोर्डात दुसरा बोर्ड खोचून ती वाढवू नका, आणि स्पर्धा चालू असेतो, पहाटेच्या प्रहरीसुद्धा, एक जाणता वायरमन दालनात जागा राहील अशी तजवीज करा.