तळ्याकाठी पान कुठे मांडावे?

बडनेरा म्हणजे गाडी बदलण्याचे ठिकाण, एवढीच बाहेरच्या मंडळींची समजूत. मुंबई-हावडा मार्गावर उतरावे आणि अमरावतीचा फाटा धरावा! आमच्याकडे पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की त्यांचा प्रश्न ठरलेला : "इकडे बाहेर जेवायला कुठे जावे?" मी पडलो मराठीचा मास्तर; उत्तर सविस्तरच देणार.

अमरावतीच्या पूर्वेस, पोहऱ्याच्या टेकड्यांच्या कुशीत वडाळी आणि छत्री अशी दोन तळी आहेत. एके काळी शहराची तहान त्यांनी भागविली. आता पाणी सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येते. सायंकाळी काठावर खुशाल हिंडावे. मात्र टेकड्यांत बिबटे आहेत; रात्री पान मांडण्याची ती जागा नव्हे!

तेव्हा शहरात परतावे आणि गिला वडा मागवावा. गिला म्हणजे ओला. डाळीचा वडा, वर दही नि चटणी. आलुबोंडा घ्याल तर तर्रीसह घ्या. थंडीत सांबारवडी सोडू नका. आमचा सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, हे मात्र ध्यानात असू द्या.

पण ही झाली न्याहारी. वऱ्हाडचे खरे जेवण रोडग्यांचे. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तुपाची धार. सोबत वरण नि वांग्याची झणझणीत भाजी. हिवाळ्यात बहिरमच्या यात्रेत याच रोडग्यांबरोबर मातीच्या हंडीतले मटण असते.

हॉटेलच्या यादीत मात्र रोडगा क्वचितच दिसतो. तिथे नागपूरपासून दिल्लीपर्यंत एकच पनीर! आचारी करीत नाही म्हणून गिऱ्हाईक मागत नाही, आणि गिऱ्हाईक मागत नाही म्हणून आचारी करीत नाही. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांना रोडगा एकनाथांच्या भारुडातून तेवढा ठाऊक. ताटात कधी पाहिलेला नाही. पदार्थ पानातून उठला की शब्दाच्या नशिबी तळटीप येते.

म्हणून पाहुण्यांना माझे सांगणे एवढेच. आदल्या दिवशी सांगितले तर रोडगे करून देणारे आचारी इथे आहेत. ओळखीच्या एखाद्या शेतात, विहिरीजवळ, पान मांडा. दोन तास लागतील, लागू द्या. वर मोर्शी-वरूडकडचे एखादे संत्रे सोला. आणि पोरांना तो रोडगा स्वतःच्या हाताने फोडू द्या.