धडधडणारे हृदय आणि एक बारीक नळी

मिस्सा चालू असता एखादी भगिनी अकस्मात छातीवर हात ठेवून खाली बसते. चेहरा पांढराफटक पडतो, नाडी मोजता येऊ नये इतकी धावू लागते. आणि थोड्या वेळाने सारे जसे आले तसे निघून जाते. मग आमच्या काकतीसारख्या गावात तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो उपास सोसला नाही, कोणी दृष्ट काढावयास सांगतो. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत नाडी ताळ्यावर आलेली असते व ई.सी.जी.च्या कागदावर पुष्कळदा काहीच दोष उमटत नाही. बिचारीवर भित्रेपणाचा शिक्का मात्र बसतो. अनेकींच्या बाबतीत हा शिक्का अन्यायाचा असतो, असे आम्हांस वाटते.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात विजेचा एक सूक्ष्म झरा असतो. तेथून निघालेला प्रवाह मधल्या ठाण्यापाशी क्षणभर थबकून खाली उतरतो व त्या तालावर हृदय आकुंचन पावते. काही जणांस जन्मतःच एखादी आडवाट अधिक असते. प्रवाह एका वाटेने उतरून दुसरीने वर चढतो आणि घाण्याच्या बैलासारखा फिरत राहतो. ठोके मिनिटास दीडशे-दोनशेवर जातात. यात मनाचा दोष तो काय?

ही आडवाट आता छाती न उघडता बंद करता येते. जांघेची जागा बधिर करून शिरेतून कॅथेटर नावाची बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, सदोष जागा हुडकतात व नळीचे टोक तापवून तेथे काही मिलिमीटरांचा डाग देतात. यास ॲब्लेशन म्हणतात.

या मार्गाची सुरुवात मोठी विलक्षण आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने, वरिष्ठांची मनाई असता, आपल्याच हाताच्या शिरेतून नळी आत सारली. उपकरणे परिचारिकेच्या ताब्यात होती. प्रयोग तिच्यावरच करावयाचा, असे भासवून त्याने तिला टेबलास बांधले, आणि नळी घातली स्वतःस! मग तशाच अवस्थेत चालत जाऊन क्ष-किरणांचे छायाचित्र घेवविले. त्या लबाडीचे समर्थन आम्ही करीत नाही. परंतु १९५६ साली नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यांत तो होता. नळीवाटे ताल सुधारण्याचा उपचार माणसांवर १९८२ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा विजेचा जबर धक्का देत. पुढे रेडिओलहरींची सौम्य उष्णता आली.

जन्मजात आडवाटेच्या विकारात दहांपैकी नऊंहून अधिक रोगी बरे होतात. धोका अगदीच नाही असे नव्हे: जांघेत रक्तस्राव होतो, क्वचित मधल्या ठाण्यास इजा होऊन पेसमेकर बसवावा लागतो. वार्धक्यातील अनियमित नाडीची गोष्ट निराळी. तेथे यश कमी व कधी उपचार पुन्हा करावा लागतो. लहानपणीच्या सांधेतापाने झडप अरुंद झाली असेल, तर मुख्य भय रक्ताची गुठळी मेंदूत जाण्याचे. रक्त पातळ ठेवणारे औषध अशा रोग्याने आपल्या मनाने कदापि थांबवू नये.

काकतीहून बेळगाव हमरस्त्याने जवळ आहे. धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ई.सी.जी. काढवून घ्यावा, घेरी येत असेल वा छाती दुखत असेल, तर क्षणाचाही विलंब नको. तो कागद फेकू नये. प्रार्थनेच्या पुस्तकात घडी करून ठेवावा व हृदयरोगतज्ज्ञांपुढे प्रथम तोच उलगडावा.