चीज किसण्याआधी वीस मिनिटांची थंडी

मे महिन्याच्या दुपारी पावभाजीवर किंवा टोस्ट सँडविचवर घालायला चीज किसायला घेतलं, की चार-दोन हात मारेपर्यंतच किसाच्या जागी लगदा जमू लागतो. किसणीची भोकं बुजतात, हातातला तुकडा मऊ पडतो आणि बोटांना चिकटतो. यावरचा उपाय अगदी सोपा आहे: किसण्याआधी चीज वीस ते तीस मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवायचं. तो का लागू पडतो हे समजून घेतलं, तर कुठे वापरायचा आणि कुठे थांबायचं, हेही कळतं.

चीजमध्ये मुख्यतः तीन गोष्टी असतात: केसीन या प्रथिनाचं जाळं, त्यात अडकलेला स्निग्धांश आणि पाणी. चेडारसारख्या चीजमध्ये साधारण एक तृतीयांश स्निग्धांश असतो. चीजला आकार देतं ते केसीनचं जाळं. पण तुकडा किती टणक राहील, हे बऱ्याच अंशी स्निग्धांशावर ठरतं.

दुधातला स्निग्धांश म्हणजे वेगवेगळ्या मेदाम्लांनी बनलेल्या असंख्य प्रकारच्या रेणूंचं मिश्रण. त्यामुळे तो एका ठरावीक तापमानाला वितळत नाही, टप्प्याटप्प्याने वितळतो. फ्रीजमध्ये ४-५ अंश सेल्सिअसला तो साधारण निम्मा घट्ट असतो. २० अंशांना जेमतेम पाचवा हिस्सा घट्ट उरतो आणि ३५ अंशांच्या पुढे जवळजवळ सगळाच पातळ होतो. घरातलं तूप हिवाळ्यात थिजतं, उन्हाळ्यात पातळ होतं, ते याच गुणामुळे.

आता किसणीकडे पाहू. खोलीतली उष्णता असतेच. तिच्यात हाताची ऊब आणि घासण्यातून निर्माण होणारी उष्णता यांची भर पडते. स्निग्धांश मऊ झाला, की पातं चीज कापण्याऐवजी दाबतं आणि दाबलेलं चीज भोकांत पसरतं. थंड चीजमध्ये स्निग्धांशाचे स्फटिक घट्ट असतात, म्हणून पात्याच्या धारेने त्याचे सुटे, स्वच्छ काप निघतात.

मग रात्रभरच फ्रीजरमध्ये का ठेवू नये? कारण पाणी. अर्ध्या तासात चीज आतपर्यंत गोठत नाही, फक्त चांगलं थंड आणि टणक होतं. जास्त वेळ ठेवलं तर आतल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते केसीनचं जाळं विस्कटतात. असं चीज नंतर भुसभुशीत होतं, पाणी सोडतं. पिझ्झ्यावर किंवा भाजीत ते चालून जाईल, पण नुसतं खायला पूर्वीसारखं लागणार नाही.

प्रत्येक चीजला ही थंडी लागतेच असं नाही. पार्मेजानमध्ये पाणी जेमतेम ३० टक्के असतं, ते मुळातच कडक. फ्रीजमधून काढून थेट किसावं. पिझ्झ्यासाठी मिळणाऱ्या मोझरेलात मात्र पाणी निम्म्याच्या जवळपास असतं, त्यामुळे फ्रीजरचा सर्वाधिक फायदा तिथेच दिसतो. आपल्याकडच्या प्रोसेस्ड चीजच्या विटेलाही तो चांगला होतो.

आणखी दोन गोष्टी कराव्यात. किसणीला आतून-बाहेरून तेलाचं बोट फिरवावं, म्हणजे कीस चिकटत नाही आणि धुणंही सोपं जातं. मऊ चीजसाठी मोठ्या भोकांची बाजू वापरावी. बारीक भोकांत घर्षण वाढतं.

बाजारात आयतं किसलेलं चीजही मिळतं. त्याचे धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर बहुधा स्टार्च किंवा सेल्युलोजची पूड असते आणि त्यामुळे ते वितळताना तितकं एकजीव होत नाही. वीट आणून घरी किसलेलं चीज वितळायला सरस ठरतं. तेव्हा किसायचं असेल त्याआधी अर्धा तास वीट फ्रीजरमध्ये ठेवा, लागेल तेवढीच किसा आणि उरलेली लगेच झाकून पुन्हा फ्रीजमध्ये ठेवा.